पाइपाच्या आतली बाजू

भुसावळहून वरणगावकडे निघालं की वाटेत दीपनगरच्या औष्णिक वीज केंद्राच्या चिमण्या दिसतात. त्या चिमण्यांच्या पायथ्याशी असलेल्या बॉयलरमध्ये नळ्यांचं जंगल आहे. उच्च दाबाच्या अशा नळ्या जोडताना पहिला थर, म्हणजे नळीच्या आतपर्यंत उतरणारा मुळाचा थर, सहसा टिग वेल्डिंगनेच देतात. नळीला सुईच्या टोकाएवढी गळती लागली तरी अख्खा संच बंद ठेवायची वेळ येते. म्हणून तिथे टॉर्च धरणारा वेल्डर बॉयलरच्या कायद्याप्रमाणे परीक्षा देऊन आलेला असतो आणि त्याच्या जोडांचे एक्स-रे काढतात. वरून वेल्ड कितीही देखणा दिसला तरी तपासणारा आतली बाजू पाहतो.

घरी टिग शिकणाऱ्यानेही हीच नजर पहिल्या दिवसापासून ठेवावी असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपाइतका चांगला शिक्षक नाही. पाइप पातळ असतो, त्यामुळे उष्णता जरा जास्त झाली की भोक पडतं. जोड गोल असतो, त्यामुळे हाताचा कोन सतत बदलावा लागतो. जोड हवाबंद हवा, त्यामुळे चूक झाकून राहत नाही. आणि तो फसला तर पाइप गळतो, चाक निखळत नाही. स्टिअरिंग, सस्पेन्शन, ब्रेक किंवा चॅसिसवर शिकाऊ हाताने वेल्ड मारूच नये.

आधी यंत्र कसं चालतं ते पाहू. आपल्या गावातल्या ग्रिलच्या दुकानात चालतं ते रॉडचं वेल्डिंग. तिथे रॉडच ठिणगी पाडतो, रॉडच वितळून जोडात भरतो आणि रॉडवरचा लेपच धूर करून हवा दूर ठेवतो. तिन्ही कामं एकाच कांडीची. टिगमध्ये ती वेगळी होतात. उष्णता टंगस्टनच्या टोकदार कांडीतून येते. टंगस्टन ३,४२२ अंश सेल्सिअसला वितळतं, त्यामुळे ते स्वतः न वितळता ठिणगी धरून ठेवतं. भरायचा धातू दुसऱ्या हातातल्या बारीक तारेतून येतो, ती फिलर. आणि हवेपासूनचं संरक्षण टॉर्चच्या चिनी मातीच्या कपातून वाहणाऱ्या आर्गॉन वायूचं. आर्गॉन कशाशीच संयोग पावत नाही आणि हवेपेक्षा सुमारे ३८ टक्के जड असतो, म्हणून तो वितळलेल्या धातूवर पांघरुणासारखा बसतो. बाजारात याला सरळ ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात ते यामुळेच.

ही पद्धत विमानांच्या कारखान्यात घडली. मॅग्नेशियम हलकं, पण हवेत वितळवलं तर पेट घेणारं. अमेरिकेतल्या नॉर्थ्रॉप कंपनीत रसेल मेरेडिथ यांनी १९४१च्या सुमाराला हेलियम वायूच्या आवरणात टंगस्टनची ठिणगी पाडून ते जोडून दाखवलं. पुढे हेलियमची जागा बहुतेक ठिकाणी आर्गॉनने घेतली, कारण तो हवेतूनच वेगळा काढता येतो. हवेत तो सुमारे ०.९३ टक्के असतो.

तिन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या, म्हणजे तिन्हींचा ताबा तुमच्याकडे आला. नुसती उष्णता देऊन धातू भरला नाही तरी चालतं. भरता भरता उष्णता कमी करता येते. पण म्हणूनच एक हात टॉर्चवर, दुसरा फिलरवर आणि पाय करंटच्या पेडलवर असं तिघांचं काम एका वेळी चालतं. नवशिक्याला जड जातं ते हेच.

घरच्या विजेवर हे चालेल का, हा पहिला प्रश्न असतो. दीड मिमी जाडीच्या पाइपाला ४० ते ६० अँपिअर पुरतात. अगदी ८० अँपिअर धरले तरी ठिणगीचा दाब सुमारे १३ व्होल्ट असतो, म्हणजे ठिणगीत साधारण एक किलोवॉट जातं. यंत्रातली घट धरली तरी दीड किलोवॉटच्या आत काम होतं. १६ अँपिअरचं चांगलं सॉकेट, नीट अर्थिंग आणि एक फेजचं इन्व्हर्टर यंत्र एवढं बास. एक्स्टेन्शनची वायर मात्र जाड आणि आखूड हवी. आपल्याकडे उन्हाळ्यात व्होल्टेज पडतं, त्यात वायर बारीक असली की यंत्र मध्येच हात टेकतं.

विकत घेताना एवढं पाहा: ठिणगी टंगस्टन न टेकवता लागते का, वेल्ड संपताना करंट हळूहळू उतरवता येतो का, आणि ठिणगी विझल्यावर वायू काही सेकंद चालू राहतो का. पोलाद आणि स्टेनलेस स्टीलसाठी डीसी पुरतो, टॉर्च ऋण टोकाला. तसं जोडलं की उष्णतेचा मोठा वाटा, ढोबळमानाने दोन तृतीयांश, कामाच्या तुकड्यात जातो आणि टंगस्टन वाचतं. अ‍ॅल्युमिनियमला एसी लागतो, कारण त्याच्या अंगावरची ऑक्साइडची साय २,००० अंशांच्या वर वितळते आणि खालचा धातू ६६० अंशांनाच. सायलेन्सरसाठी त्याची गरज नाही, म्हणून एसीच्या यंत्रावर जादा पैसे घालू नका.

आर्गॉनचं मोठं सिलिंडर सुमारे ७ घनमीटरचं, म्हणजे ७,००० लिटर वायूचं असतं. मिनिटाला ८ लिटर धरले तर साडेचौदा तास ठिणगी चालते. सिलिंडर भिंतीला साखळीने बांधा. त्यात दीडशे बारच्या आसपास दाब असतो, आडवं पडून व्हॉल्व्ह तुटला तर ते घरातल्या माणसांसाठीच धोक्याचं. आर्गॉन विषारी नाही, पण तो जड असल्यामुळे बंद खोलीत खाली साचतो आणि श्वासातला ऑक्सिजन कमी करतो. त्यामुळे दार उघडं ठेवायचं. दुसरीकडे, वाऱ्याची झुळूकही आर्गॉनचं आवरण उडवते, म्हणून पंखा बंद. खानदेशात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४४-४५च्या घरात असताना अंगात सुती पूर्ण बाह्यांचा शर्ट, चामडी हातमोजे आणि पंखा बंद, हे दुपारी कुणालाच झेपणार नाही. पहाटेची वेळ धरा. तेव्हा वाराही पडलेला असतो.

पाइप आणायला लगेच दुकानात जायची गरज नाही. स्टीलचे रेलिंग करणाऱ्यांकडे पाइपाचे कापलेले तुकडे भंगारात पडलेले असतात, ते किलोवर मिळतात. सरावाला ते उत्तम. पण प्रत्यक्ष सायलेन्सरला रेलिंगचा पाइप वापरू नका. रेलिंगमध्ये बहुतेक २०२ ग्रेड असतं. त्यात निकेल कमी असतं, तापमान आणि ओल यांत ते ३०४ ग्रेडइतकं टिकत नाही. चुंबक लावून हे दोन वेगळे ओळखता येत नाहीत, कारण दोन्हींना चुंबक नीट चिकटत नाही. पाइपाचं टेस्ट सर्टिफिकेट मागा, देणारा व्यापारी असेल तर त्याच्याकडूनच घ्या. कंपनीच्या मूळ सायलेन्सरमध्ये बऱ्याचदा ४०९ ग्रेड असतं, त्याला चुंबक चिकटतो. ३०४ला ३०४ जोडायचं असेल तर ईआर ३०८ एल तार, आणि स्टीलला साधं लोखंड किंवा ४०९ जोडायचं असेल तर ईआर ३०९ एल. १.६ मिमीची तार या जाडीला ठीक.

टंगस्टनही १.६ मिमीचं घ्या. लाल पट्टीच्या टंगस्टनमध्ये थोरियम असतं, ते किरणोत्सारी आहे आणि ग्राइंडरवर घासताना त्याची धूळ नाकात जाते. निळ्या पट्टीचं, लँथेनमचं, तितकंच चांगलं चालतं. टोक जाडीच्या दोन-अडीच पट लांब काढा. घासण्याच्या रेषा लांबीच्या दिशेने पडल्या पाहिजेत, आडव्या पडल्या तर ठिणगी भटकते. त्या चाकावर दुसरं काही घासायचं नाही.

आता हात. सुरुवातीला फिलर नकोच. सपाट पट्टीवर टॉर्च १५-२० अंश मागे कलवून धरा आणि टंगस्टनचं टोक पत्र्यापासून दीड-दोन मिमीवर ठेवा. वितळलेल्या धातूचं छोटं गोल डबकं तयार होईल. ते त्याच आकाराचं ठेवत पुढे सरकवायचं, एवढाच पहिला धडा. डबकं मोठं होऊ लागलं की पेडल थोडं सोडा. या धड्याला माणसं फार लवकर कंटाळतात आणि तिथेच पुढची सगळी अडचण सुरू होते. डोळ्यांना ठिणगीकडे न पाहता डबक्याच्या पुढच्या कडेकडे पाहायची सवय लागायला वेळ द्यावाच लागतो.

मग फिलर. तार जवळजवळ आडवी धरून डबक्याच्या पुढच्या कडेला टेकवायची, थेंबभर धातू सुटला की मागे घ्यायची, पण आर्गॉनच्या आवरणाबाहेर काढायची नाही. गरम टोक हवेत आलं की त्यावर ऑक्साइड बसतं आणि पुढच्या थेंबाबरोबर ते जोडात जातं. टंगस्टन डबक्यात बुडालं तर थांबा, टोक पुन्हा घासा. तसंच रेटून नेलं तर जोडात टंगस्टनचे कण राहतात. संपवताना करंट एकदम तोडू नका, हळूहळू उतरवा. नाहीतर शेवटच्या खड्ड्यात बारीक तडा पडतो. ठिणगी विझल्यावरही टॉर्च तिथेच धरून ठेवा, वायू थांबेपर्यंत.

यानंतर स्टील समजून घ्यावं लागतं. स्टेनलेस स्टीलमधून उष्णता साध्या लोखंडाच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याने वाहते, म्हणजे ती जोडापाशीच साचते. आणि तापल्यावर ते लोखंडापेक्षा जवळपास दीडपट फुगतं. म्हणून ते वाकडं होतं. जोडाचा रंग तुम्हाला उष्णतेचा हिशोब देतो: फिकट गवती किंवा सोनेरी म्हणजे छान, निळा-जांभळा म्हणजे काठावर, राखाडी-काळपट म्हणजे उष्णता जास्त किंवा वायू कमी. सुमारे ४२५ ते ८५० अंशांच्या पट्ट्यात स्टील रेंगाळलं तर त्यातलं क्रोमियम कार्बनशी जोडलं जातं आणि गंजापासूनची ढाल तिथे पातळ होते. तारेच्या नावातला ‘एल’ म्हणजे कार्बन कमी, तो यासाठीच. निळा जोड पाहून लोक खूश होतात. मला सोनेरी आवडतो.

आणि आता आतली बाजू. पाइपावर बाहेरून वेल्ड मारताना आतला पृष्ठभागही वितळतो. बाहेर आर्गॉन आहे, आत हवा आहे. तिथे गरम स्टील ऑक्सिजनला भिडतं आणि काळी, खरखरीत, दाणेदार खपली धरते. वेल्डर त्याला साखर म्हणतात. बाहेरून सुंदर शिंपल्यांची रांग दिसत असते आणि आतून जोड अर्धा कुजलेला. वायूला तिथे अडथळा होतो, गंज तिथून सुरू होतो, आणि थरथरीत तडाही तिथूनच फुटतो. म्हणून सरावाचा प्रत्येक गोल जोड उभा कापून आत पाहा. दीपनगरच्या वेल्डरकडे एक्स-रे असतो, आपल्याकडे हॅकसॉ आहे.

उपाय सोपा आहे: पाइपाच्या आतही आर्गॉन भरायचा. दोन्ही तोंडं अ‍ॅल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद करायची, खालच्या बाजूने नळी आत घालायची आणि वरच्या बाजूला बारीक भोक ठेवायचं. आर्गॉन जड असल्यामुळे तो खालून भरत जातो आणि हवा वरून निघते. ५० मिमी बाहेरच्या व्यासाच्या, दीड मिमी जाडीच्या एक मीटर पाइपात सुमारे पावणेदोन लिटर जागा असते. मिनिटाला ५ लिटरने दोन मिनिटं सोडला तर आतली जागा पाच-सहा वेळा धुऊन निघते, मग ठिणगी लावा. जोड पूर्ण होत आला, शेवटची फट मिटायची वेळ आली की आतला प्रवाह कमी करा, नाहीतर आतला दाब डबकं बाहेर फुंकून टाकतो.

पाइपाला वळण हवं असेल तर तयार बेंड मिळतात. पण शिकणाऱ्याने एक तरी वळण तुकड्यांचं करावं. ९० अंशांचं वळण सहा जोडांत वाटलं तर प्रत्येक जोडाला १५ अंश, म्हणजे प्रत्येक काप साडेसात अंशांचा. कटिंग मशिन साडेसात अंशांवर पक्कं करायचं आणि दर कापानंतर पाइप अर्धा फेरा फिरवायचा, की पाचरीसारखे तुकडे पडतात. दोन टोकांचे सरळ पाइप आणि मध्ये पाच तुकडे, असे सहा जोड. ५० मिमीचा पाइप आणि वळणाच्या मध्यरेषेची त्रिज्या ७५ मिमी धरली तर तुकड्याची बाहेरची बाजू २६ मिमी आणि आतली १३ मिमी येते. त्यात प्रत्येक कापात जाणारी पात्याची जाडी मिळवायला विसरू नका. पाइपाचा घेर १५७ मिमी, म्हणजे एका वळणात जवळपास एक मीटर वेल्ड मारून होतो. याहून चांगला सराव कोणता?

कापलेल्या कडा कानशीने साफ करा, आतूनही. दोन तुकडे एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरा. फटीतून प्रकाश दिसला तर पुन्हा घासा. पातळ पाइपात फट फिलरने भरू म्हणणारा भोक पाडतो. नंतर अ‍ॅसिटोनने पुसा. ब्रेक क्लीनरचा डबा त्या जागेच्या आसपासही नको. काही ब्रेक क्लीनरमध्ये क्लोरीनची संयुगं असतात, आणि ठिणगीच्या अतिनील किरणांनी व उष्णतेने त्यांतून फॉस्जीन हा जीवघेणा वायू तयार होतो. गॅल्व्हनाइज्ड पाइपही वापरायचा नाही, जस्ताचा धूर ताप आणतो. स्टीलच्या धुरात क्रोमियमची घातक संयुगं असतात, म्हणून तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, कणांसाठीचा मास्क हवा. हेल्मेटची काच १० नंबरची.

टाके चार मारा, समोरासमोर: आधी १२ आणि ६ वाजताच्या जागी, मग ३ आणि ९. टाके मारतानाही आत आर्गॉन हवा. नंतर पाव घेर एका बाजूला, पाव घेर समोरच्या बाजूला, असं करत पूर्ण करा. सलग फिरलात तर पाइप वेल्डच्या बाजूला ओढला जातो आणि गाडीखाली बसत नाही.

गाडीखालच्या कामाबद्दल. इंजिनाचा मॅनिफोल्ड, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर यांना हात लावायचा नाही. कन्व्हर्टरच्या मागचा पाइप, तोही मूळ मार्गाने आणि मूळ मापाने, एवढीच आपली हद्द. पाइपाचा व्यास वाढवला की इंजिनाची ताकद वाढते हा समज छोट्या गाडीला लागू होत नाही, धूर वाहण्याचा वेग तेवढा कमी होतो. मूळ पाइप साचा म्हणून समोर ठेवा, फ्लँज गाडीवर बोल्टने लावून नुसते टाके मारा आणि पूर्ण वेल्ड गाडीपासून दूर, टेबलावर करा. गाडीवर टाका मारायचाच असेल तर बॅटरीची ऋण वायर काढा, अर्थचा चिमटा जोडाच्या अगदी जवळ लावा, आणि पेट्रोलची टाकी व नळ्या कुठून गेल्या आहेत ते आधी पाहा. गाडी जॅकवर नव्हे, पक्क्या स्टँडवर.

एक मीटर स्टीलचा पाइप ३० अंशांवरून ४०० अंशांवर गेला की सुमारे साडेसहा मिमी लांबतो. इंजिनही रबरांवर हलत असतं. म्हणून जाळीचा लवचीक तुकडा आणि लटकवायचे रबर आहेत तसेच ठेवा. पाइप चॅसिसला घट्ट बांधला तर तुमचा सगळ्यात चांगला वेल्डसुद्धा काही महिन्यांत तडकेल.

कायद्याचं स्पष्ट बोललं पाहिजे, कारण ‘कस्टम सायलेन्सर’ म्हटलं की आपल्याकडे फटफट आवाजच डोळ्यांसमोर येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने नोंदवलेल्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, आणि ९ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धुराच्या नियमभंगाला वेगळा दंड आहे. पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरांवर रोलर फिरवल्याची दृश्यं महाराष्ट्रात अनेक शहरांनी पाहिली आहेत. कुजलेल्या पाइपाच्या जागी त्याच मापाचा स्टीलचा पाइप आणि मागे कंपनीचाच मफलर, हे दुरुस्तीचं काम आहे. मला त्यातच कौशल्य दिसतं. रुग्णालयासमोरून जाताना कुणाची झोप मोडणारी गाडी चांगल्या वेल्डरच्या हातची नसावी.

शिकवणारा माणूस मिळाला तर या सगळ्याचा वेळ निम्म्याने वाचतो. वरणगावात आयुधनिर्माणी आहे, भुसावळात रेल्वेची वर्कशॉप आहेत, मध्ये वीज केंद्र. या टापूत टिगचा टॉर्च धरलेली माणसं शोधायला लांब जावं लागत नाही, निवृत्त झालेलीही पुष्कळ आहेत. त्यांच्या शेजारी स्वतःचं हेल्मेट घालून उभे राहा आणि हात बघा. वय आणि वेळ असेल तर आयटीआयचा वेल्डर ट्रेड आठवी पासवर, एका वर्षाचा आहे, त्यात टिगही शिकवतात.

पाइप बसवण्याआधी गळती तपासा. एक तोंड बंद करून दुसऱ्याने हवेचा अगदी हलका दाब द्या आणि जोडांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडा आला तिथे खूण करा, ती जागा घासून स्वच्छ करा आणि आत आर्गॉन भरूनच पुन्हा जोडा. वरून नुसता थर चढवू नका. गळका जोड दोन प्रकारे त्रास देतो. धुराचे झटके येतात तेव्हा मध्ये मध्ये पाइपात दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सरच्या जवळ असं झालं तर इंजिनाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि ते जास्त पेट्रोल सोडतं. दुसरा त्रास जिवावरचा आहे: कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, आणि गाडीच्या तळातल्या भोकातून तो केबिनमध्ये येऊ शकतो.

बसवल्यावर गाडी अंगणात, उघड्यावर, वीसेक मिनिटं चालू ठेवा. पूर्ण थंड झाल्यावर फ्लँजचे बोल्ट पुन्हा आवळा, पहिल्या तापण्यात गॅस्केट दबतं आणि ते सैल होतात. मग एक फेरी मारून या, महामार्गावर आणि खडबडीत रस्त्यावरही. परत आल्यावर पाइप कुठे बॉडीला घासल्याची चमक दिसते का ते खाली जाऊन पाहा, आणि जोडांभोवती काजळीची रेघ आहे का तेही. काजळी दिसली तर तिथे गळती आहे, साबणाच्या पाण्यात सापडली नसली तरी.